दोन गिअरची गाडी आणि कन्नडचा घाट

संभाजीनगरहून चाळीसगावला जायचं, एक मुक्काम करायचा आणि परत यायचं, एवढाच हा प्रवास. आमच्याकडचे लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात आणि कुणाला सांगतसुद्धा नाहीत. आम्हाला मात्र तयारीला चौदा महिने लागले. त्यामुळे मी सांगणार आहे, आणि सविस्तर सांगणार आहे.

आधी माझ्याविषयी. वाळूजच्या एका कारखान्यात मी चोवीस वर्षं गिअर तपासले. भिंगाखाली एकेक दात बघायचा, कड कुठं झिजली, कुठं खरचटली ते टिपायचं. मग विजेच्या गाड्यांचे दिवस आले. त्यांना गिअरबॉक्स असा लागतच नाही, मोटरपुढं एकच ठरलेली जोडी असते. कामं कमी होत गेली आणि शेवटी आमचा विभागच बंद झाला. मी घरी आले आणि वर्षभरात मीही विजेचीच गाडी घेतली, जुनी, पहिल्या मॉडेलची. शहरात ती लोण्यासारखी चालायची.

गेल्या वर्षी चाळीसगावच्या एका लग्नाहून परत येताना कन्नडच्या घाटात तिनं मान टाकली. गाडीत आम्ही चौघं आणि मागं सामान. अर्ध्या चढावर पडद्यावर कासवाचं चित्र उमटलं. मोटर फार तापली की हे कासव येतं आणि गाडी जेमतेम माणसाच्या चालीनं सरकते. मागं हॉर्नचा गोंधळ सुरू झाला. शेवटी आमचे हे आणि माझी नणंद खाली उतरले, आणि भरजरी साडीतली नणंद कन्नडच्या घाटात गाडी ढकलताना पुष्कळ लोकांनी पाहिली.

शोरूमच्या माणसानं हसून सांगितलं, "मॅडम, हे मॉडेल बंद झालं. याला आता अपडेटही येत नाही. नवीन घ्या, त्यात मोटर मोठी आहे."

मी गाडी घेऊन जिन्सीला गेले, सलीमभाईंकडं. सलीमभाई पस्तीस वर्षं गिअरबॉक्सचंच काम करतात. माझ्या पहिल्या स्कूटरपासूनची ओळख. त्यांच्या दुकानातही हल्ली शुकशुकाट असायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गाडीखाली जाऊन आले, हात पुसले आणि म्हणाले, "ताई, मोटर कमजोर नाय. तिला गिअर नाय. सायकलीवर चढ आला तर तुम्ही काय करता? पायात तेवढीच ताकद, पण चेन मागच्या मोठ्या चक्रीवर टाकता. मोटरला पण तेच पायजे. ती बिचारी कमी फिरून जास्त ओढती, म्हणून तापती."

एवढ्यावरून सुरुवात झाली. त्यांनी जुन्या पेट्यांमधून सुटे भाग काढले, मी दात मोजले, तपासले, नाकारले, पुन्हा करून आणायला लावले. दोन गिअरचा एक डबा तयार झाला. पहिला घाटासाठी, दुसरा सपाटीसाठी. क्लच नाही, हाताशी फक्त एक लहान दांडी. ती ओढली की मोटर क्षणभर ओढणं सोडते, आपला वेग जुळवून घेते आणि दात बसतात.

हे वेग जुळवण्याचं काम मृणालचं. मृणाल करमाडची, शेतकऱ्याची मुलगी, शेंद्र्यातल्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर. तिची कंपनी डोंगराळ गावांसाठी मालवाहू विजेच्या गाड्या बनवते आणि त्या गाड्याही चढावर तापतात. मोटर चालवणारी तिच्या कंपनीची पेटी तिनं आमच्या गाडीत बसवली, चाचणीचा परवाना काढला आणि स्वच्छ सांगितलं, "काकू, भरल्या गाडीनं कन्नडचा घाट चढून दाखवा. मी शेजारी मीटर घेऊन बसते. चढली तर हा डबा मी आमच्या साहेबांपुढं ठेवीन. नाय चढली तर विषय संपला."

आमच्या ह्यांना मी चला म्हटलं. ते म्हणाले, "ढकलायला माणूस दुसरा बघ."

शनिवार : दौलताबादचा चढ

थंडी नुकती पडायला लागली होती. सकाळी आठला आम्ही तिघं निघालो. मी चालवायला, शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन मृणाल, मागं सलीमभाई. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि पायाशी पान्यांची पिशवी होती. पडेगाव मागं पडलं आणि देवगिरीचा डोंगर समोर आला. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या दरवाज्यातून जातो. तिथं समोरची बस आधी की आपण आधी, याचा निकाल ड्रायव्हर एकमेकांच्या डोळ्यांत बघून लावतात. आम्ही बसला वाट दिली.

दरवाज्यापुढं खुलताबादचा चढ लागतो. "आता पहिला टाका," सलीमभाई म्हणाले. मी दांडी ओढली.

कर्रर्र असा आवाज आला, जात्यात खडा अडकल्यासारखा. मग काहीच नाही. गाडी कुठल्याच गिअरमध्ये नव्हती आणि हळूच मागं यायला लागली. मी ब्रेक दाबला. सलीमभाईंनी दार उघडून उडी मारली आणि चाकामागं दगड लावला. पांढऱ्या शर्टाची बाही तिथंच काळी झाली.

घरापासून वीस किलोमीटरही झाले नव्हते.

सलीमभाई रस्त्याच्या कडेला खाली बसले. "दात गेले, ताई," ते म्हणाले. "आवाज ऐकला ना तुम्ही? पस्तीस सालात हा आवाज मी वळखतो. माझंच चुकलं. लोक बोलत होते, सलीम, अब गिअर का जमाना गया. बरोबर बोलत होते."

त्यांचा तो चेहरा मला बघवेना. मी चटई अंथरून गाडीखाली शिरले. डब्याला आम्ही एक झाकण ठेवलं होतं, ते उघडलं, टॉर्च मारला आणि एकेक दात पाहायला लागले. चोवीस वर्षं हेच केलं होतं, फक्त तेव्हा वरून पंखा असायचा आणि पाठीखाली डांबर नसायचं. कडा जरा खरचटल्या होत्या, पण एकही दात तुटला नव्हता की वाकला नव्हता.

"सलीमभाई, दात शाबूत आहेत."

"नक्की?"

"मी पास करतेय. आजवर मी पास केलेला गिअर कधी परत आला नाही."

मृणाल तोवर लॅपटॉपवरच्या रेघा बघत होती. "काकू, डब्याचा दोष नाय. मोटर उशिरा पोचती. परवा आपण तिचा सेन्सर बदलला, पण प्रोग्राम जुनाच राहिला. दात बसायच्या वेळी मोटरचा वेग जुळलेला नसतो. अपडेट करावं लागंल."

अपडेट हा शब्द ऐकला की शोरूमचा तो हसणारा माणूस मला आठवतो. मी जरा तोडूनच बोलले, "लोखंडाचं दुखणं लॅपटॉपनं बरं होतं का गं?"

"तुम्ही दात बघितले, मी विश्वास ठेवला," ती शांतपणे म्हणाली. "आता मला दीड तास द्या."

मी चटई गुंडाळून ठेवली.

जवळच एक बाई पेरूची पाटी घेऊन बसली होती. तिनं आम्हाला सावलीत बोलावलं, पेरूला तिखट-मीठ लावून दिलं आणि मृणालकडं बोट दाखवून विचारलं, "ही पोरगी काय लिहितीया?"

"गाडीला शहाणं करतेय," मी म्हटलं.

"व्हय का? मंग आमच्या मालकालाबी जरा करा म्हणावं."

सलीमभाई पहिल्यांदा हसले.

दीड तासाचे पावणेदोन झाले. मृणालनं वायर काढली, मी गाडी चढावर घेतली आणि श्वास रोखून दांडी ओढली. टक्क. डब्याचं झाकण नीट बसावं तसा एकच आवाज. आणि गाडी असा चढ चढायला लागली की सलीमभाईंनी मागून दोन्ही सीटवर थाप मारली. "आँ! बैठ गया! एकदम मक्खन!"

मी मृणालला म्हटलं, "चुकले मी." ती फक्त म्हणाली, "पुढं बघा काकू, गाय आडवी येतीया."

वेरूळ : पुण्याचे पाहुणे

वेरूळला एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगची सोय आहे. गाडी लावून आम्ही मिसळ खात होतो. शेजारी नव्या मॉडेलची एक लांबरुंद विजेची गाडी उभी होती. तिचे मालक पुण्याचे, लेणी बघायला आलेले. माझ्या गाडीतली दांडी पाहून ते थबकले.

"हे काय, गिअर? विजेच्या गाडीत? अहो, गिअर नाहीत हीच तर मजा आहे. माझ्या गाडीला एकच, आणि कुठलाही घाट चढते."

"चढणारच," मी म्हटलं. "तुमची मोटर माझ्या अडीचपट आहे."

"मग दोन गिअरचा उपयोग काय?"

हा प्रश्न मला चौदा महिने लोक विचारत होते. कधी चिडून उत्तर दिलं होतं, कधी टाळलं होतं. त्या दिवशी खरं ते सांगितलं. तुमच्या गाडीला गिअर नकोतच. मोठी मोटर, मोठी बॅटरी, तिला एक पुरतो. दुसरा गिअर घातला तर वजन वाढेल आणि बिघडायला एक वस्तू वाढेल. पण प्रत्येकाला मोठी मोटर परवडत नाही, आणि मालवाहू गाडीवर तर ती लादताही येत नाही. लहान मोटरला घाट चढायचा असेल, तर एक जादा गिअर तिला पुरेसा आहे.

गृहस्थ समजूतदार होते. वाकून त्यांनी डबा पाहिला. "हे कुणी बनवलं?"

सलीमभाई मिसळीचा रस्सा मागायला गेले होते. मी त्यांच्याकडं बोट केलं. "त्यांनी."

गृहस्थ उठून त्यांच्याकडं गेले आणि त्यांनी हात पुढं केला. सलीमभाईंच्या हातात वाटी होती. ती कुठं ठेवावी हे त्यांना सुचेना.

चाळीसगाव : भरीत

कन्नडचा घाट उतरताना मराठवाड्याचं पठार एकदम संपतं आणि खाली खानदेश पसरलेला दिसतो. कापूस, केळी, मधूनच चमकणारं पाणी. पहिल्या गिअरात गाडी आपोआप आवरली जात होती, ब्रेकला पाय फारसा लावावाच लागला नाही. शिवाय उतारावर बॅटरी थोडी भरलीसुद्धा. पण मी प्रत्येक वळण उलटं बघत होते. उद्या हे चढायचंय. हे वळण. आणि हे. नणंदेनं साडी खोचली होती ती जागाही दिसली.

मुक्काम सलीमभाईंच्या थोरल्या बहिणीकडं होता. सगळे त्यांना आपा म्हणतात. साठीच्या पुढं वय, आवाज खणखणीत. पाण्याच्या मोटरीचा जाड तारेचा पॉइंट त्यांनी आमच्या गाडीला दिला आणि पाहुणीला चहा विचारावा तसं विचारलं, "इसको कितना लगता पीने को?"

रविवारी सकाळी त्यांनी आम्हाला शेजाऱ्यांच्या मळ्यात भरिताला नेलं. आमच्याकडं भरीत म्हणजे ताटाच्या कडेला वाढायचा पदार्थ. दाण्याचा कूट, जमलं तर दही, झालं. तिथं भरीत हा दिवसभराचा कार्यक्रम असतो. हातभर लांब हिरवी वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळात काळीठिक्कर होईपर्यंत भाजतात, मग लाकडी भांड्यात हिरव्या मिरचीबरोबर मुसळानं ठेचतात. तेलावर लसूण तडतडला की वास बांधापर्यंत जातो. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. मी तीन खाल्ल्या. मळ्याच्या मालकीणबाई अहिराणीत आग्रह करत होत्या, "बठा ना, आजून खा!" मृणालनं हळूच बजावलं, "काकू, वजनाचा हिशेब मी सकाळी केलाय. आता बदलू नका."

वजनाचा तो प्रश्न होताच. भरली गाडी म्हणजे पाच माणसं आणि मागं सामान. आम्ही तिघंच होतो. मृणाल धान्याची पोती टाकायचं म्हणत होती. एवढ्यात आपा म्हणाल्या, "पोती कायको? मैं आती ना."

सलीमभाई चमकले. घाट चढताना आपांच्या पोटात ढवळतं. वळणं, गिअरचे हिसके, डिझेलचा वास. भावाच्या घरी त्या कित्येक वर्षं गेल्या नव्हत्या. सलीमभाईंना दोन नाती झाल्या होत्या, त्या आपांनी फक्त फोनवर पाहिलेल्या.

"आपा, इसका आज इम्तिहान है. रस्त्यात बंद पडली तर?"

"तो ढकलेंगे," आपा म्हणाल्या, आणि नवऱ्याला पिशवी भरायला सांगितली.

रविवार दुपार : घाट

आम्ही तिघं, आपा आणि त्यांचे यजमान, अशी पाच माणसं. मागं वांग्यांची दोन पोती, केळीचा घड, आपांची ट्रंक. गाडी मागून इतकी बसली की मी एकदा खाली वाकून टायर पाहिले.

घाटाच्या तोंडाशी मी दांडी ओढली. टक्क. मृणाल मोटरचं तापमान वाचायला लागली. "पंच्याहत्तर. ऐंशी." तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, एकशे तीसला कासव.

पहिली तीन वळणं सहज गेली. "ब्याण्णव," मृणाल म्हणाली. मागं आपा डोळे मिटून बसल्या होत्या. गेल्या वर्षी कासव आलं ती जागा जवळ येत होती. मी पडद्याकडं बघायचं टाळलं. जागा आली आणि गेली. "शहाण्णव."

आणि मग सगळ्यात खड्या वळणावर रस्ताच थांबला. पुढं एक एसटी बंद पडली होती. मागं रांग, पुढं रांग, आम्ही मधे, नाक आभाळाकडं. चालत्या गाडीनं चढणं वेगळं. भरलेली गाडी थांबल्या जागेवरून चढावर उचलणं हीच खरी परीक्षा, आणि ती आम्ही घ्यायचं धाडस केलं नसतं. ती आपणहून आली.

वीस मिनिटांनी बस बाजूला घेतली. एसटीतले उतारू कठड्यावर बसून सगळ्या गाड्या बघत होते. आमच्या पुढची एक डिझेलची जीप धूर ओकत, दोनदा बंद पडून निघाली. एक उतारू मला ओरडून म्हणाला, "बाई, बॅटरीची हाय का? राहू द्या, आमी ढकलतो!" तीन-चार जण खरंच उठले.

सलीमभाई मागून हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, आपण दोघांनी बनवलाय. सोडा ब्रेक."

मी ब्रेक सोडला आणि पाय दाबला. एक इंचही मागं न येता गाडी उचलली गेली. आवाज नाही, धूर नाही, हिसका नाही. ढकलायला उठलेली माणसं हात पुढं करून तशीच उभी राहिली आणि आम्ही त्यांच्या समोरून वर निघालो. "एकशे आठ," मृणाल वाचत होती. "एकशे चौदा. एकशे सतरा." तिचा आवाज चढला. "एकशे सतरा. काकू, थांबलंय! वर जात नाय! एकशे सोळा!" कठड्यावर कुणीतरी शिट्टी मारली आणि मग सगळ्यांनीच टाळ्या पिटल्या. का, ते त्यांनाही माहीत नसावं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वळणं पुढं होती, म्हणून एका हातानं पुसलं.

घाटमाथ्यावर गाडी थांबवली. सलीमभाई आडवे झाले, हात लांब करून डब्याला तळवा लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "कोमट आहे. बच्चे के दूध जैसा." आपांनी डोळे उघडले, खाली पसरलेल्या खानदेशाकडं पाहिलं आणि विचारलं, "घाट कब आयेगा?"

मृणालनं लॅपटॉप बंद केला. ती सहसा फार बोलत नाही. तिनं आधी सलीमभाईंना वाकून नमस्कार केला, मग मला. "चाचा, तुमचा डबा नसता तर माझा प्रोग्राम काय करणार होता?"

"आणि तुझा प्रोग्राम नसता तर माझे दात गेले असते," सलीमभाई म्हणाले.

संध्याकाळी पाचच्या आत आम्ही जिन्सीत होतो. गल्लीच्या तोंडाशीच दोन मुली धावत आल्या. आपांनी फोनवर पाहिलेल्या त्या नाती. आपा ट्रंक, वांगी, केळी सगळं गाडीत सोडून खाली उतरल्या.

शेंद्रा

मृणालनं शब्द पाळला. चार दिवसांनी तिच्या कंपनीत आम्हाला बोलावलं. तिच्या साहेबांनी घाटातल्या नोंदी दोनदा वाचल्या, डबा उघडायला लावला, मला दातांविषयी तासभर खोदून खोदून विचारलं. चोवीस वर्षांत माझ्या साहेबांनी एवढं विचारलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, आमच्या डोंगरातल्या सगळ्या गाड्यांना हा बसवायचा. तपासणी तुम्ही बघा. आणि जोडणी आमच्या लोकांना शिकवायला हवी.

आम्हाला एका खोलीत नेलं. फळा होता, टेबलावर आमचा डबा सुटा करून मांडलेला, आणि समोर बारा-पंधरा जण, निम्मे इंजिनिअर. सातवीत शाळा सोडलेले सलीमभाई दारातच थांबले. मी त्यांना हात धरून पुढं नेलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतला एक जण उभा राहिला, त्याच्यापाठोपाठ बाकीचे उठले आणि सगळे एकदम म्हणाले, "गुड मॉर्निंग, सर."

सलीमभाईंनी मागं वळून पाहिलं. कोण साहेब आले म्हणून.

मागं कुणीच नव्हतं.